सोळा खांब, एक हत्ती

आमच्या विहीणबाईंना कागदाचं वेड आहे. मला त्याचं नवल नाही. मी स्वतः चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, कळमनुरी डेपोला, आणि कागदाशिवाय माझीही गाडी कधी हलली नाही. पण आमचा कागद तिकिटाचा आणि फेरीच्या हिशोबाचा, म्हणजे वेबिलाचा. बाईंचा कागद भलताच.

बाई इंग्लंडातल्या, नाव हिलरी. माझा मुलगा प्रज्ञेश तिकडे एका खेड्यात म्हाताऱ्यांच्या सेवागृहात नर्स आहे. त्यानं त्याच खेड्यातली मुलगी केली, हॅना. ही तिची आई. प्रज्ञेश नर्सिंगला गेला तेव्हा आमचं गाव हसलं होतं, की हे काय बायकांचं काम. तेच गाव आता त्याला व्हिसाचं विचारायला माझ्याकडून नंबर मागतं. असो. तर हिलरीबाई तिथल्या चर्चच्या कमिटीत आहेत आणि बाहेरून येणाऱ्यांसाठी दरवर्षी एक पत्रक काढतात, की आमच्या गावाच्या आसपास बघण्यासारखं काय काय आहे. प्रज्ञेशनं ते मला व्हॉट्सअ‍ॅपवर धाडलं आणि एका रविवारी फोनवर ओळ न् ओळ मराठीत सांगितलं.

तीन चर्च, एक दगडी पूल, एक बंद पडलेली पाणचक्की आणि दोन पब. प्रत्येकाखाली चार ओळी, कधी बांधलं, कोणी बांधलं, आत गेल्यावर नजर कुठं टाकायची. एका चर्चच्या दाराला घोड्याचा नाल ठोकलाय, तो काहून ठोकला ते. एका पबात कुठलासा राजा लपला होता ते. प्रज्ञेश म्हणाला, तिकडं दर दोन पबांमागं एकात राजा लपलेला असतोच, ते मनावर घेऊ नका.

पब म्हटल्यावर करुणा, म्हणजे माझी बायको, चपापली. लेकाच्या सासूनं दारूच्या दुकानाचा पत्ता छापावा, तोही चर्चच्या खालोखाल, हे तिला काही जुळेना. प्रज्ञेशनं तिला समजावलं की दारूचं दुकान वेगळं आणि पब वेगळा. पबात म्हातारे दुपारचे जाऊन बसतात, एक ग्लास दोन तास पुरवतात, कोण गेलं, कोण दवाखान्यात आहे ते बोलतात, पायाशी कुत्रं झोपलेलं असतं आणि मालक सगळ्यांना नावानं ओळखतो. करुणा म्हणाली, म्हणजे आपल्या फाट्यावरचं सोनाजीचं हॉटेल. प्रज्ञेश म्हणाला, बराबर, फक्त तिथं भजी मिळत नाहीत.

माझं लक्ष दुसरीकडंच होतं. मी विचारलं, तू चर्चात जातोस का? जातो म्हणाला, सासूबाईंनी तिन्ही फिरून दाखवलीत. मी तापलो. आमचा बाप छप्पनला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, तो एका देवाच्या जागी दुसरा आणून बसवायला नाही. मी तसं बोललो. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "बाबा, म्या पाया पडत न्हाई. खांब बघतो, काचा बघतो अन बाहेर येतो. तिथं निम्मे लोक तसेच येतात. बघायला देव मानावा लागत न्हाई."

मी फोन ठेवला, पण हे वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना.

पुढं ठरलं की डिसेंबरात सगळे येणार. प्रज्ञेश, सूनबाई, विहीणबाई आणि व्याही डेरेक. तीन दिवस आमच्या गावात, मग वेरूळकडं. आणि बाईंनी निरोप धाडला की रत्नपालरावांनी, म्हणजे मी, आपल्या गावाचं असंच पत्रक लिहावं, म्हणजे काय बघायचं ते आधी वाचून येता येईल. प्रज्ञेशनं त्यांना सांगून ठेवलं होतं की आमच्या बाबांना तीन तालुक्यांतला दगड न् दगड पाठ आहे. लेकरं बापाबद्दल काहीही सांगतात.

मला तकलीफ कसली, रिकामाच होतो. आमचं गाव आखाडा बाळापूरहून सात किलोमीटर. नाव सांगून उपयोग नाही, बाळापूरच्या पुढं ते कुणाला ठाऊक नसतं. मी वही घेतली आणि कंडक्टराच्या हिशोबानं टप्पे पाडले. टप्पा पहिला, फाटा आणि सोनाजीचं हॉटेल. टप्पा दुसरा, आमचं बुद्धविहार, कारण वस्ती रस्त्याला लागूनच आहे. तिसरा, निजामाच्या काळची चावडी, तिच्या भिंतीला रझाकारांच्या वेळची गोळीची खूण. चौथा, बारव, सत्तावीस पायऱ्या, खाली पाणी मार्चपर्यंत. पाचवा, महादेवाचं देऊळ. औंढा आणि शिरड शहापूर ही मोठी ठिकाणं दुसऱ्या दिवशी गाडीनं. प्रत्येक टप्प्याला किती मिनिटं लागतात तेही लिहिलं. असलं काम ढिसाळ झालेलं मला खपत नाही.

देवळापाशी आलो आणि माझा हात सुटला. सगळ्यात जास्त मी देवळावर लिहिलं. काळ्या पाषाणाचं, हेमाडपंती. आत सोळा खांब, दोन सारखे नाहीत. डावीकडं तिसऱ्या खांबाला लागून दगडाचा हत्ती, वासराएवढा, सोंड वर केलेला. त्याचे कान इतके पातळ की मागं दिवा धरला तर उजेड दिसतो. पोटावर टिचकी मारली तर घंटेसारखा आवाज येतो. पान भरलं. करुणानं वाचून मान डोलावली. ती हट्टा गावची, लग्न होऊन इथं आलेली. तिला काय माहीत.

मी त्या देवळात कधी गेलो नव्हतो.

आता हे सरळ सांगून टाकतो. मी लहान होतो तेव्हा आमच्यातल्या कुणाला आत जाऊ देत नसत. आणि आमच्या घरच्यांना जायचंही नव्हतं, बापानं तो विषयच मिटवला होता. गावाला आम्ही नको आणि आम्हाला देव नको, दोन्हीकडून बराबर जमलं होतं. मधे मी एकटा अडकलो, आठ वर्षांचा. मला देव नको होता, मला नुसतं आत काय आहे ते बघायचं होतं. शाळा देवळाच्या अंगालाच भरायची. सगळी पोरं मधल्या सुट्टीत आत पाणी प्यायला जायची आणि मी बाहेर चिंचेखाली उभा.

माझ्या बाकावर व्यंकट बसायचा. आताचे व्यंकटराव, चाळीस एकरांचे मालक आणि देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष. पोरगं मनानं चांगलं, पण गणितात कच्चं. त्याचा बाप कडक, रोज पाटी तपासायचा. तर आमच्यात ठरलं की मी त्याची गणितं सोडवायची आणि त्यानं मला आतलं सांगायचं. एका गणिताला एक खांब. त्यानं पहिल्या दिवशी पहिला खांब सांगितला, त्याच्यावर नाचणारी बाई. मग दुसरा, त्याच्यावर नाग. मी मन लावून ऐकायचो आणि गुणाकार करायचो. भागाकार सुरू झाले तेव्हा त्यानं हत्ती काढला. हत्ती महिनाभर पुरला, आज कान, उद्या दात, परवा सोंड. मला त्या देवळाचं आतलं अंग आमच्या घराहून जास्त पाठ झालं.

पुढं मी नोकरीला लागलो. काळ बदलला. आता कोणी कुणाला देवळात अडवत नाही, निदान आमच्या गावात तरी नाही. पण मला कशाला जायचं होतं? मी बौद्ध माणूस. औंढ्याला मी हजारो भाविक उतरवले असतील, यात्रेत जादा गाड्या केल्या, आणि प्रत्येक वेळी गाडीत बसून वेबिल भरत राहिलो. माझ्या मनात कुठं काही अडलेलं नव्हतं. हत्ती होताच की माझ्याकडं.

पत्रक प्रज्ञेशनं इंग्रजीत केलं. बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी ते आपल्या चर्चच्या मासिकात छापलं. तीनशे घरांत जातं म्हणे ते. प्रज्ञेशनं फोटो धाडला. माझं नाव, गावाचं नाव, आणि कुणीतरी कोपऱ्यात हत्तीचं चित्रही काढलेलं, सोंड वर केलेला. मी तो फोटो सोनाजीच्या हॉटेलात दहा जणांना दाखवला. इंग्रजी कुणाला वाचता येत नव्हतं, म्हणून कुणी काही बोललं नाही.

पाहुणे यायला चार दिवस होते. नवा मार्ग सुरू करायच्या आधी डेपोत एक मोकळी गाडी फिरवून बघतात, किती वेळ लागतो, कुठं वळण अवघड आहे. ती सवय मला अजून आहे. मी घड्याळ लावून सकाळी सातला फाट्यापासून निघालो. हॉटेल, विहार, चावडी, बारव, सगळं वेळेत. देवळापाशी माझा बेत असा होता की पाहुण्यांना दारापर्यंत न्यायचं आणि पुढं व्यंकटरावाच्या हवाली करायचं. पण आदल्याच दिवशी प्रज्ञेश फोनवर म्हणाला होता की हत्ती सासूबाईंना तुम्हीच दाखवायचा. त्यांनी मला त्यांच्या चर्चमधला एकेक दगड स्वतः दाखवला, म्हणून त्यांना तुमच्याकडूनच बघायचंय.

तर मी पायरीवर उभा. लेकाचं वाक्य आठवलं, बघायला देव मानावा लागत नाही. व्यंकटराव सोवळ्यातच होता, पूजा उरकून कुलूप लावायला निघालेला. मी म्हणालो, व्यंकट, जरा आत दाखव, पाहुणे येणार आहेत. तो म्हणाला, त्यात दाखवायचं काय, तुझं बघितलेलंच आहे की. मी म्हणालो, नाही बघितलेलं. तो हसला, त्याला चेष्टा वाटली. मग माझ्या तोंडाकडं बघून थांबला.

"कधीच न्हाई?"

मी म्हणालो, कधीच नाही. त्यानं एकेक प्रसंग काढला. सप्त्याला? मी बाहेर मंडपात वाढायला होतो. यात्रेला? ड्युटीवर. त्याच्या पोराच्या, बालाजीच्या लग्नात नवरदेव पाया पडायला आत गेला तेव्हा तरी? मी बँडवाल्यांपाशी उभा होतो, तूच मला त्यांना थांबवायला सांगितलं होतंस. त्यानं डोकं खाजवलं. म्हणाला, आपण रोज भेटतो, माझ्या कधी ध्यानातच आलं नाही. खोटं बोलत नव्हता तो. खरंच आलं नव्हतं. त्या घटकेला मला त्याचा जो राग आला तो सगळ्या लहानपणात आला नव्हता.

चप्पल काढली आणि आत गेलो.

चार खांब. मी बाहेर येऊन पुन्हा आत गेलो, तरी चारच. त्यांना खालपासून वरपर्यंत चंदेरी ऑइलपेंट फासलेला. नाचणारी बाई नाही, नाग नाही, सरळ उभे दगड. फरशी बाथरूमची असते तसली. एक ट्यूबलाइट, एक स्टीलची दानपेटी आणि एक पंखा, त्याच्या पात्यावर देणाऱ्याचं नाव. पंधरा माणसं बसली तर सोळाव्याला बाहेर बसावं लागेल एवढी जागा. डावीकडं झाडू आणि तेलाचा डबा होता. मी त्या डब्याकडंच बघत राहिलो.

मी विचारलं, हत्ती कुठाय?

व्यंकटरावाला आधी कळेना, कुठला हत्ती. मग मी सांगत गेलो, कान, सोंड, टिचकी, आणि त्याच्या तोंडावर हळूहळू उजेड पडला. तो दानपेटीवर टेकला. सहासष्ट वर्षांचा माणूस, आठ वर्षांच्या पोरासारखा ओशाळला.

"खांब चारच हुते रे," तो म्हणाला. "चार दिवसात संपले. गणितं वर्सभर हुती. म्या काय करू?"

मी म्हणालो, संपले म्हणून सांगायचं होतंस. गणितं मी तशीही दिली असती.

तो म्हणाला, "सांगावं वाटलं एकदोनदा. पर तू कुठं आत येऊन बघणार हुतास."

एवढं बोलून त्याला स्वतःलाच ते ऐकू आलं असावं. पंखा फिरत होता.

मग तो लागला निस्तरायला. म्हणाला, काही काळजी करू नको. हत्ती होता, रझाकार घेऊन गेले, असं मी पाहुण्यांना सांगतो. नाहीतर म्हणू की औरंगाबादच्या म्युझियममध्ये नेला. कोण बघायला जातंय. मी म्हणालो, व्यंकट, साठ वर्षांपूर्वीही तुला हेच वाटलं होतं. आणि घड्याळ न बघताच घरी आलो.

घरी करुणाला सांगितलं. ती आधी हसली, मग माझ्याकडं बघून हसायची थांबली. तिचं म्हणणं सरळ होतं. बाईंना खरं सांगा, ती पाहुणी आहे, कोर्ट नाही. तेवढं मलाही कळत होतं. बाईंचं मला काही नव्हतं. इंग्लंडातली तीनशे घरं काय म्हणतील याचंही नव्हतं, ते काय माझ्याकडं लग्नाला येणार नव्हते. मला धास्ती एकट्या प्रज्ञेशची होती. तो लहान असताना रजेच्या दिवशी मी त्याला मांडीवर घेऊन हाच हत्ती सांगायचो. ऐकलेला म्हणून नाही, बघितलेला म्हणून. टिचकी मारून आवाज काढून दाखवायचो, ताटलीवर. बाप देवळात कधी गेलाच नाही, पायरीच्या बाहेर उभा राहून दुसऱ्याची गणितं करत होता, हे त्याला कळू नये म्हणून असेल. तेव्हा मला असं काही वाटलं नव्हतं. आता वाटत होतं. आणि त्याचं मला वाईट वाटलं, साधं वाईट, रडू येतं तसलं.

फोनवर सांगू म्हणून दोनदा लावला. एकदा तो सामान भरत होता, एकदा विमानतळावर होता. दोन्ही वेळा मी स्वेटर घेतलं का एवढंच विचारलं.

पाहुणे आले. बाई सडसडीत, पायात चालायचे बूट, हातात मासिकाचं ते पान, आणि प्रत्येक टप्प्याला पेनानं बारीक खूण. मला त्या आवडल्या. त्यांच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं. डेरेक सोनाजीच्या हॉटेलात बसला तो उठेचना. तीन चहा आणि दोन प्लेट भजी झाली, म्हाताऱ्यांनी त्याला मधे घेतलं, एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती आणि कुणाचंच काही अडलं नाही. एक कुत्रंही येऊन त्याच्या पायाशी बसलं. सूनबाईला बापाच्या जोडीला ठेवून आम्ही चौघं पुढं निघालो. विहारात बाई बराच वेळ बसल्या. बारवेच्या पायऱ्या त्यांनी मोजल्या, सत्तावीस भरल्या, त्यांनी माझ्याकडं बघून अंगठा वर केला. पुढचा टप्पा देवळाचा होता.

देवळापाशी व्यंकटराव तयारीत होता. इस्त्रीचा सदरा, शाल, नारळ. आम्ही चप्पल-बूट काढून आत गेलो. बाईंनी एकदा कागदाकडं बघितलं, एकदा डावीकडं. झाडू आणि तेलाचा डबा त्यानं हलवला होता, तिथं आता रिकामी फरशी होती. मी तोंड उघडायच्या आत व्यंकटराव त्याच्या हिंदीत सुरू झाला, की यहाँ हत्ती था, बहुत बडा था, मगर रझाकार लोग उसको. मी त्याचा हात धरला.

"व्यंकट, बस."

तो थांबला. मी प्रज्ञेशकडं वळलो. तोंडातून सरळ निघत नव्हतं, तरी काढलं. म्हणालो, त्यांना सांग, इथं हत्ती कधीच नव्हता. खांबही चारच आहेत. म्या इथं पहिल्यांदा पाय टाकला तो चार दिवसांमागं. जे लिहिलं ते सगळं ऐकीव, ह्या माणसानं शाळेत सांगितलेलं. तुला सांगितलं तेही.

मला वाटलं, तो चिडेल. नाहीतर तोंड पडेल त्याचं. तो खांबाकडं बघत होता.

"बाबा, मला माहीत हाय."

मी म्हणालो, काय माहीत आहे?

"हत्ती न्हाई ते. म्या पाचवीत हुतो. बालाजीदादानं सप्त्यात आत नेलतं. हत्ती हुडकला, दानपेटीच्या मागं सुदा बघितलं. मग कळलं."

काय कळलं, हे मी विचारलं नाही. त्यानं सांगितलंही नाही. पाचवीत म्हणजे दहा वर्षांचा. त्यानंतर कित्येक रजांना मी त्याला हत्ती सांगितला होता, ताटलीवर टिचक्या मारल्या होत्या, आणि तो मांडीवरून उतरून समोर बसून ऐकत होता, मोठा झाला तरी. मी आपलं समजत होतो की पोराला गोष्ट फार आवडते.

मी विचारलं, मग पत्रकात जसंच्या तसं काहून लिहिलंस? तीनशे घरांत वाटलं गेलं ते.

"तुमी लिहिलं हुतं," तो म्हणाला. "हत्ती काढा म्हणलो असतो तर तुमी विचारलं असतं काहून. मग तुमी कधी आत गेला न्हाईत हे आपल्या दोघांत बोलावं लागलं असतं. मला ते नको हुतं."

व्यंकटरावानं नारळ खाली ठेवला आणि तो भिंतीला टेकून खाली बसला, इस्त्रीच्या सदऱ्यासकट. विहीणबाईंना काहीच कळत नव्हतं. त्या पेन हातात घेऊन आमच्याकडं आळीपाळीनं बघत होत्या. शेवटी त्यांनी हळूच प्रज्ञेशला विचारलं, काय झालं म्हणून. त्यानं माझ्याकडं बघितलं.

मी म्हणालो, सांग. हत्तीचं राहू दे, म्या बाहेर उभा हुतो ते सांग.

तो सांगू लागला. मला इंग्रजी निम्मंच कळतं, तेवढ्यात भागलं. बाईंनी कुठं काही लिहिलं नाही.